सुनावणी ऑनलाइन होते, मग कोल्हापूरला सर्किट बेंच कशासाठी? समजून घ्या

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. आदल्या दिवशी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी हे बेंच आहे. त्यासाठी इथले वकील चाळीस वर्षांहून अधिक काळ आंदोलन करत होते.

पण कोविडनंतर ऑनलाइन सुनावण्या रुळल्या. मग खुर्ची, टेबल आणि इमारतीसह कोर्टच गावात हवं, असा आग्रह का?

याचं उत्तर वकिलीच्या धंद्यात दडलंय. इथे जो समोर उभा राहतो, त्याच्या शब्दाला वजन येतं.

आधी काय व्हायचं?

समजा, सांगलीतला एखादा वकील जमिनीचा दावा जिल्हा कोर्टात दहा वर्षं लढला. सातबारा, मोजणीचा नकाशा, साक्षीदार, सगळं त्याला पाठ. पण अपील हायकोर्टात गेलं की फाईल मुंबईच्या वकिलाकडे जायची.

कायद्याची आडकाठी नव्हती. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३० नुसार वकिलाला देशातल्या कुठल्याही कोर्टात काम चालवता येतं. अडचण अंतराची होती. कोल्हापूरहून मुंबई सुमारे ३८० किलोमीटर. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, दिवसभर कोर्टात थांबायचं, पुन्हा रात्रीचा प्रवास. तेवढ्यात केस पुकारली गेलीच नाही, तर सगळा खटाटोप वाया. शिवाय गावाकडच्या तारखा बुडायच्या त्या वेगळ्याच.

त्यामुळे केस उभी करायची एकाने आणि कोर्टात बोलायचं दुसऱ्याने, अशी वाटणी झाली. फी आणि नाव, दोन्ही बोलणाऱ्याकडे गेलं.

स्क्रीनवरून हे साधत नाही का?

तारीख मागायची असेल, छोटा अर्ज असेल, तर ऑनलाइन सोयीचंच. पण लांबलेल्या युक्तिवादात न्यायाधीशांना कुठला मुद्दा पटत नाहीये, हे चेहऱ्यावरून ओळखून बोलणं वळवावं लागतं. मागे बसलेला ज्युनिअर नेमकं पान काढून पुढे सरकवतो. विरुद्ध बाजूच्या वकिलाशी तडजोडीची पहिली बोलणी अनेकदा कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात होतात.

नवे वकीलही मागच्या बाकावर बसून, इतरांची केस ऐकतच तयार होतात. स्क्रीनवर आपली केस संपली की खिडकी बंद होते.

याचा करिअरवर काय परिणाम होतो?

हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी नावांची शिफारस हायकोर्टाचं कॉलेजियम करतं. म्हणजे मुख्य न्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायाधीश. वकिलांमधून निवड करताना ज्यांचं काम कोर्टात पाहिलेलं असतं, ती नावं सहज डोळ्यासमोर येतात. जिल्हा कोर्टात आयुष्य घालवलेला वकील कितीही हुशार असला, तरी तो या नजरेच्या टप्प्यात फारसा येत नाही.

नागपूरचं उदाहरण बोलकं आहे. अमरावतीचे भूषण गवई यांची वकिली प्रामुख्याने नागपूर खंडपीठासमोर झाली. तिथेच ते सरकारी वकील झाले, २००३ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश. त्यांच्याआधी सरन्यायाधीश झालेले शरद बोबडेही नागपूरच्याच बारमधले. यात त्यांचं कर्तृत्व आहेच. पण ते दिसायला हायकोर्ट जवळ होतं, हेही खरं.

मग प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वकिलाला कोल्हापूरला यायचं तर घाट चढावाच लागतो. सोलापूरहूनही अंतर कमी नाही. मुंबईत जमलेलं वजन उद्या कोल्हापूर शहरातल्या मोजक्या वकिलांकडे जमू शकतं. म्हणून दूरच्या तालुक्यांसाठी ऑनलाइनची सोय चालू राहणं गरजेचं आहे.

दुसरा मुद्दा कायमपणाचा. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) नुसार हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश राज्यपालांच्या मान्यतेने असं बेंच बसवू शकतात. कायमस्वरूपी खंडपीठासाठी मात्र कलम ५१(२) नुसार राष्ट्रपतींचा आदेश लागतो. औरंगाबादला १९८१ मध्ये बेंच असंच बसलं. त्याला आव्हान दिलं गेलं, पण १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुख्य न्यायाधीशांचा हा अधिकार मान्य केला. १९८४ मध्ये ते कायम झालं. कोल्हापूरकरांचं लक्ष आता त्याच टप्प्याकडे आहे.

तोवर एक साधी गोष्ट पाहत राहावी लागेल. केस पुकारल्यावर उठून कोण उभं राहतं? ती केस गावात पहिल्या दिवसापासून लढलेला वकील की दुसराच कुणी? बेंचचा खरा हिशेब त्यावरून लागेल.