मुंग्यांचा दोष वयाला देऊ नका, बी-१२ तपासून घ्या!

तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. तळव्यांना सतत मुंग्या येतात, कापसावरून चालल्यासारखं वाटतं. घरात कुणी असं म्हणत असेल, तर 'वय झालं', 'वात असेल' म्हणून विषय सोडू नका. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं की मज्जातंतूंचं आवरण झिजतं, पुढे मज्जारज्जूलाही इजा होते. विसरभोळेपणा आणि उदासी यांचंही मूळ तिथे असू शकतं. लवकर उपचार मिळाले तर बरंच भरून निघतं. उशीर झाला तर काही इजा कायमची राहते.

हे संकट दूरचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं. भाज्या, डाळी, मोड आलेली कडधान्यं यांतून ते मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून 'आजवर काही झालं नाही' यावर विसंबू नका.

शाकाहारी मंडळी, त्यातही दूधदुभतं कमी घेणारे, साठीपुढचे ज्येष्ठ, पोटाची शस्त्रक्रिया झालेले आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे यांनी विशेष जपावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या मुंग्यांचा दोष नेहमी साखरेवर जातो. त्यांनी बी-१२ तपासायला आवर्जून सांगावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनीही विचारावं, कारण आईत कमतरता असेल तर बाळाच्या मेंदूची वाढ अडते.

आमची कळकळीची विनंती :

• लक्षणं दिसताच डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी बी-१२ कमी असू शकतं.
• तपासणीआधी स्वतःहून बी-१२च्या गोळ्या घेऊ नका; रक्तातला आकडा फसवा येतो.
• नुसत्या फॉलिक ॲसिडवर राहू नका. रक्त सुधारलेलं दिसतं, मज्जातंतूंची इजा मात्र वाढतच राहते.
• मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका.
• इंजेक्शनं किंवा गोळ्या सांगितल्या, तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

आज रात्री आई-वडिलांजवळ बसा आणि विचारा, 'पायाला जमीन नीट लागते ना?' उत्तर 'नाही' आलं, तर उद्या सकाळीच त्यांना दवाखान्यात घेऊन जा.