पट्टीचे पैसे आणि रमी

२०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले, आता प्रश्न फक्त मनाच्या निश्चयाचा, असे गेल्या आठवड्यातील पत्रात वाचले. पत्रलेखक कधी रमीच्या नादी लागलेले नसावेत, बरेच आहे. आपल्याकडे जुगारबंदीचा कायदा १८८७चा, तरी मटका १९६०च्या दशकात रुजलाच.

लासूरला कांदा विकला आणि पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, की आजही माझा अंगठा मोबाइलवर आपोआप फिरू लागतो. हरलेले भरून काढू, एवढेच डोक्यात. म्हणून पट्टीचे पैसे आता बायकोच्या खात्यात जातात. डिझेलपुरते मागून घेतो. लाज वाटते, वाटू द्या. उसनवारी फिटते आहे, पण भावकीत अजून कुणी जामीन राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटना या व्यसनाला आजार मानते. दारुड्याला लोक पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात नेतात. जुगाऱ्याला पारावर उपदेश मिळतो. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला असा किती खर्च येईल?

– एक वाचक, देवगाव रंगारी (ता. कन्नड)