सीडीच्या डबीत फोटोही, नावही

बीरगांवात राहत असाल, तर सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी काळी धूळ दिसतेच. उरला-सिलतराचे कारखाने जवळच आहेत. अशा घरात आजी-आजोबांचे फोटो उघडे ठेवू नका. माळ्यावरच्या गाण्यांच्या सीडींच्या रिकाम्या डब्या काढा.

झाकणात अडकवलेली छापील पुस्तिका अलगद ओढून काढा. मूळ फोटो कापू नका. त्याची १२ सेंटिमीटर लांब-रुंद प्रत काढा आणि चेहरा बाहेरून दिसेल अशी तिथे सरकवा. सीडीच्या जागी एक कागद ठेवा : फोटोत कोण आहे, कुठला आहे, साल कोणते.

बंद डबी ओलसर मऊ कापडाने पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका. डबीचे पॉलिस्टायरीन प्लास्टिक त्याने विरघळते. तडकलेली डबी मुलांच्या हाती देऊ नका, तिच्या कडा कापतात.

धूळ पुन्हा पुसता येते. फोटोतले नाव मात्र ते सांगणारे माणूस गेले की कायमचे हरवते. म्हणून या रविवारी घरातल्या थोरल्यांजवळ बसा आणि तो कागद त्यांना विचारूनच भरा.