वाकणारी पाटी

मध्यंतरी सौ.च्या पाठीचा एक्स-रे काढायला इंझोरीहून एका दवाखान्यात गेलो होतो. तिची पाठ वयाने झुकलेली आणि यंत्राची पाटी सपाट. तिथला मुलगा सारखा म्हणे, "आजी, सरळ राहा." शेवटी ती म्हणाली, "सरळ राहता आलं असतं तर इथं कायले आली असती बाप्पा?" दोनदा फोटो पुसट आला, तिसऱ्यांदा जमला.

घरी येऊन पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो भौतिकशास्त्र शिकलेला, मी मराठी-इतिहासाचा मास्तर. ही पाटी वाकत का नाही, एवढाच माझा प्रश्न. मला कळले ते असे (चू.भू.द्या.घ्या.): बहुतेक पाट्यांत काचेवर सिलिकॉनचे बारीक जाळे असते, त्यावर सेसियम आयोडाइडचा थर. क्ष-किरण पडले की थर उजळतो आणि जाळे त्या उजेडाची वीज करते. १८९५ साली राँटजेनला हे किरण सापडले तेही असाच एक पडदा उजळला म्हणून. सेसियम आयोडाइडचे स्फटिक आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वाढवतात. पण काच ती काच.

मग प्लास्टिकवर पातळ थर द्यावा? तर बरेच किरण आरपार जातात, म्हणजे पेशंटला जास्त किरण द्यावे लागतात. थर जाड केला तर वाळल्या पापडासारखा तडकतो. म्हणून पातळ असूनही किरण अडवणारा, जड अणूंचा पदार्थ हवा. गेली दहाएक वर्षे पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थांचा बोलबाला आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांत शिसे असते, जोडीला आयोडीन किंवा ब्रोमीन. ते शाईसारखे पसरता येतात आणि किरणांची थेट वीज करतात. ओलाव्याने मात्र खराब होतात, त्यामुळे घट्ट आवरण लागते.

"मामा, शिसं चिमूटभरच असतं," भाचा म्हणाला. मला नेमके तेच खटकते. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीतल्या शिशाला भाव आहे, म्हणून भंगारवाला ती दारातून उचलून नेतो. चिमूटभर शिशासाठी कोण येणार? फाटलेली पाटी उकिरड्यावर जाईल आणि तिथून शेतात. ७ डिसेंबर २०२४ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे वापरली गेली, तेव्हा उद्या अशा पाट्याही गावोगाव फिरणार हे धरून चालावे. जुनी पाटी परत नेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर लेखी टाकल्याशिवाय शिशाची पाटी खेड्यात येऊच नये, असे माझे मत आहे. शिशाच्या शेजारचा बिस्मथ तितकाच जड आणि बराच कमी विषारी. त्याच्यावरही काम चालू आहे, पण त्यात वीज तितकी सहज वाहत नाही म्हणे. मी तरी त्यासाठी थांबायला तयार आहे.

हे सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "तुमची पाठ सरळ हाय, तुम्ही थांबा."