बॅटरी १२ व्होल्टची, झटका २३०चा

"बारा व्होल्टला काय होतंय?" हे वाक्य वस्तीत कुठेही ऐकायला मिळते आणि ते अर्धे खरे आहे. सुट्या १२ व्होल्टच्या बॅटरीला कोरडा हात लागला तर शॉक बसत नाही. पण तीच बॅटरी घरातल्या बोर्डाला थेट जोडून चार्जिंगला लावली असेल, तर तिला हात लावणे म्हणजे घरच्या उघड्या लाइनला हात लावणे आहे.

घरी बांधलेले पॅक आता बऱ्याच घरांत दिसतात. भाजीची, भुर्जीची गाडी लावणाऱ्याला संध्याकाळी उजेड लागतो. लाइट गेली की लेकरासाठी छोटा पंखा लागतो. भंगारातल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडायच्या, त्यातले चालू सेल निवडायचे, तीन-तीन जोडून पॅक बांधायचा, हे आपली पोरे व्हिडिओ पाहून शिकली. नवी बॅटरी परवडत नाही म्हणून हे चालते, त्यासाठी त्यांना नावे ठेवायचे कारण नाही. पण रात्री तो पॅक कशावर चार्ज होतो, तिथे खरी गोम आहे.

बरा चार्जर काही शे रुपयांना मिळतो. ते वाचवायला होल्डरमध्ये १०० वॅटचा बल्ब, पुढे एक डायोड आणि पिन सरळ बोर्डात. कुणी बल्बऐवजी कपॅसिटर लावतो. स्वस्तातल्या चार्जिंगच्या टॉर्चमध्येही अनेकदा हीच जोडणी असते, पण तिथे सगळे प्लास्टिकच्या डबीत बंद असते. आपल्याकडे तारा उघड्या असतात.

बल्ब करंट अडवतो, असे पोरे सांगतात. अडवतो, पण १०० वॅटचा बल्ब साधारण ४३० मिलिअँपिअर जाऊ देतो. छातीतून १०० मिलिअँपिअर गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस जाऊ शकतो. शिवाय बल्ब एकाच तारेत असतो, दुसरी तार मोकळीच. दोन पिनचा प्लग उलटा बसला की त्या मोकळ्या तारेतून फेज थेट पॅकवर येते. फरशी ओली असेल, पाय अनवाणी असतील, तर पुढचे सांगायला नको.

चांगल्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात लाइनची गुंडाळी वेगळी आणि बॅटरीची वेगळी. दोघींत तारेचा जोड नसतो, वीज चुंबकाच्या जोरावर पलीकडे जाते. त्यामुळे घरची लाइन पॅकपर्यंत पोचत नाही. चार्जरचे पैसे जातात ते मुख्यतः यासाठी.

"एमसीबी आहे की, पडेल," असेही ऐकतो. १६ अँपिअरचा एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असतो. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस चिकटला तरी त्याला पत्ता लागत नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअर गळती झाली की तोडणारा. किती खोल्यांत तो आहे? भाड्याच्या खोलीत तर अर्थिंगच्या तिसऱ्या भोकात तारच नसते. घरमालक भाडे आणि लाइटबिल वेळेवर मागतो, तसा आरसीसीबीही त्याच्याकडे मागितला पाहिजे.

आता आगीचे. लिथियमचा एक सेल ४.२ व्होल्टला भरतो, ओळीने जोडलेले तीन १२.६ला. चार्जर तिथे थांबतो. थेट जोडणीला थांबणे माहीत नाही, तिच्यामागे २३० व्होल्ट उभे आहेत. पॅकवर बीएमएसची पट्टी आहे, ती तोडेल, असा भरवसा असतो. पण तिने जोड तोडला त्या क्षणी लाइनचा सगळा दाब, शिखराला सुमारे ३२५ व्होल्ट, तिच्यावर येतो. एवढ्याशा पट्टीतले भाग थोड्या व्होल्टेजसाठी बनलेले असतात, ते जळून आतल्या आत जोडले जाऊ शकतात. मग सेल भरतच राहतो, तापतो, फुगतो आणि एक पेटला की शेजारचा पेटतो. वर चादर टाकून तो विझत नाही, कारण उष्णता सेलच्या आतच तयार होत असते. धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात. दहा बाय दहाच्या खोलीत त्या धुराचे दोन-चार श्वासही महागात पडतात.

आणि पॅक ठेवतात कुठे? दाराजवळ, कारण बोर्ड दाराजवळ. म्हणजे आग लागली तर बाहेर पडायची एकुलती वाट तीच अडवणार. गाडीवाला दिवसभराचा थकून झोपलेला असतो. रात्री पाण्याला उठते ती आजी, पहाटे नळाच्या वेळेला ओल्या हाताने वावरते ती घरची बाई. काटकसर एकाची, धोका दुसऱ्याचा, हे मला पटत नाही.

समाजमंदिराच्या ओट्यावर एक चार्जिंगचा बोर्ड बसवता येईल. वर पत्रा, खाली फरशी, आरसीसीबी, खरे अर्थिंग आणि दोन-तीन बरे चार्जर. गाडीवाल्यांनी पाळीने वापरावे, संध्याकाळी गाड्या निघण्याआधी दिवसाउजेडी, कुणीतरी जागे असताना. मंडळाला हा खर्च जड नाही. लायटिंगला आपण याहून जास्त घालतोच. पॅक बांधणारी पोरेच तो बोर्ड सांभाळतील, त्यांच्याइतके त्यातले कुणाला कळते?

तोवर घरात बल्ब-डायोडची जोडणी असेल तर ती आजच काढा. फुगलेला किंवा वास येणारा सेल परत वापरू नका. कुणी लाइनला चिकटले तर आधी मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करा, माणसाला हात लावू नका. सुटल्यावर श्वास नसेल तर छाती दाबणे सुरू करा आणि १०८ला फोन लावा. भाजले असेल तर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी, टूथपेस्ट नको, हळद नको. विजेची जखम वरून रुपयाएवढी दिसते, आत खोल गेलेली असते. म्हणून माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन हृदयाचा ईसीजी काढून घ्या.