जोत्याची उंची

बार कौन्सिलच्या सनदेवर मी अधिवक्ता आहे, शासनाच्या ओळखपत्रावर दिव्यांग आहे आणि चामोर्शीच्या बसस्थानकावर, नाव ठाऊक नसलेल्यांसाठी, ‘कुबडीवाला वकील’ आहे. या तिन्हींपैकी तिसरे संबोधन मला सर्वांत कमी खटकते. त्यात अदब नसेल, पण वर्णन खरे आहे. खटकतो तो मधला शब्द.

‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून सुचविला आणि पाहता पाहता तो सरकारी पाट्यांवर, प्रमाणपत्रांवर आणि सत्कार समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांवर स्थिरावला. सुचविणाऱ्याच्या हेतूवर मी शंका घेत नाही. महाराष्ट्राने 2022 साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, हेही चांगलेच झाले. परंतु पोलिओने वाळलेल्या माझ्या उजव्या पायात दिव्य असे काही नाही. संसदेने 2016 साली आमच्यासाठी जो कायदा केला, त्याच्या मूळ इंग्रजी नावातही ‘दिव्य’ नाही, ‘हक्क’ आहे.

ज्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागू नये. आपल्या आजोबा-पणजोबांनाही असेच एक गोड नाव देण्यात आले होते. ‘हरिजन’, म्हणजे देवाची माणसे! 1938 साली मुंबईच्या विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याचे घाटत असता बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्याला विरोध केला आणि सभात्याग केला. देवाची माणसे म्हणवून घेतल्याने पाणवठा खुला होत नाही, हे महाडला जाऊन आलेल्यांना कोणी सांगायला नको होते. त्या नावातील साखर ज्या समाजाने ओळखली, त्याला या नावातील साखर का ओळखू येऊ नये?

याहून अवघड गोष्ट पूर्वकर्माची आहे. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा भरते. वैनगंगा तेथे उत्तरेकडे वळते, म्हणून त्या स्नानाचे माहात्म्य. यात्रेच्या गर्दीत एखादी वृद्धा माझ्या पायाकडे पाहून ‘मागल्या जन्माचे भोग’ म्हणून हळहळते, तेव्हा मला राग येत नाही. ती तिच्या श्रद्धेला धरून बोलत असते. राग येतो तो हेच वाक्य आपल्या वस्तीत, बुद्धवंदना आटोपून उठलेल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर. जातीची हीनता हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे आपल्या पूर्वजांना शतकानुशतके सांगण्यात आले. ते ओझे आपण 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरला उतरवून ठेवले. मग लंगड्या मुलापुरते ते घरात शिल्लक कसे राहिले?

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नाचा सविस्तर समाचार घेतला आहे. गतजन्मीचे कर्म आजच्या दुःखाला जबाबदार धरणारा सिद्धान्त बुद्धाचा असू शकत नाही, कारण त्यामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्य आणि समाज या दोघांच्याही अंगावरून निघून जाते, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे. मी तो भाग प्रथम वाचला तो आपल्या वसतिगृहाच्या कंदिलात. गरिबांविषयीचे हे विवेचन माझ्या पायाविषयीही आहे, हे मात्र पुष्कळ उशिरा, वकिली करू लागल्यावर ध्यानात आले.

धम्मपदाच्या पहिल्याच गाथेला अट्ठकथेने चक्खुपाल थेरांची कथा जोडली आहे. थेर अंध होते. पावसानंतर चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली किडे मेले. पाहुण्या भिक्खूंनी तक्रार नेली. भगवंतांनी विचारले, तुम्ही त्यांना मारताना पाहिले काय? नाही. जसे तुम्ही त्यांना पाहिले नाही, तसे त्यांनी किड्यांना पाहिले नाही. चेतना नाही, म्हणून दोष नाही. फौजदारी न्यायशास्त्र ज्या हेतूच्या तत्त्वावर उभे आहे, ते येथे दोन वाक्यांत आले आहे. त्याच कथेच्या उत्तरार्धात मात्र थेरांचे अंधत्व गतजन्मीच्या पापाला नेऊन भिडविले आहे. खुज्जुत्तरेचेही तेच. सामावती राणीची ही कुबडी दासी. बहुश्रुत उपासिकांमध्ये भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले, पण कथाकाराने तिच्या कुबडालाही मागल्या जन्मात कारण शोधलेच. वकील म्हणून मला यातील पूर्वार्ध निकालपत्र वाटतो आणि उत्तरार्ध ऐकीव पुरावा.

पूर्वकर्म न मानणारेही त्याला करमणुकीत जागा देतात. दिवाळी सरली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने रात्र-रात्र प्रयोग चालतात. मी ते आवडीने पाहतो. विनोदी पात्र तोतरे बोलू लागले किंवा पाय ओढीत आले, की मंडपात हशा पिकतो आणि शेजारचा हळूच माझ्याकडे पाहून हसू आवरतो. त्याचे ते आवरणे मला हशापेक्षा अधिक बोचते. 8 जुलै 2024 रोजी ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याविषयी मोलाचे मार्गदर्शन केले. अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंगाला हिणविणारा विनोद वेगळा, असा भेद न्यायालयाने केला. चित्रपटाला कात्री मात्र लावली नाही. मला दोन्ही गोष्टी पटतात. आमच्या आयुष्यात विनोद भरपूर आहे, फक्त तो आम्हाला विचारून लिहावा.

‘श्वास’ हा 2004 सालचा मराठी चित्रपट मी तीनदा पाहिला. आजोबा, नातू आणि डोळे काढून टाकण्यापूर्वीचा तो एक दिवस. उत्तम चित्रपट, यात वाद नाही. पण मुलाची दृष्टी गेली की गोष्ट संपत येते. तो मुलगा पुढे कोणत्या शाळेत गेला, त्याला ब्रेल कोणी शिकविली, या प्रश्नांपर्यंत आपले अश्रू पोहोचत नाहीत.

राजकारणाचे म्हणाल, तर 19 एप्रिल ही तारीख माझ्या लक्षात राहिली आहे. 2017 साली त्याच दिवशी अपंगांच्या हक्कांचा कायदा अंमलात आला आणि 2024 साली त्याच दिवशी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात लोकसभेचे मतदान झाले. त्या निवडणुकीत 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय होती. मी ती घेतली नाही. मतदान केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहणे हा मतदानाचाच भाग आहे, असे मी मानतो. केंद्रावर त्या दिवशी लाकडी फळ्यांचा रॅम्प होता. दुसऱ्या दिवशी फळ्या परत गेल्या. शाळेला पाच वर्षे पायऱ्या आणि एक दिवस रॅम्प, हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्चावी, असा शासनाचा नियम आहे. ती रक्कम अनेक ठिकाणी मार्चअखेरीस भांडी किंवा किरकोळ रोख वाटून संपविली जाते. वाटपाचा फोटो निघतो, रॅम्पचा फोटो कोण काढणार! एस.टी.च्या तिकिटात आम्हाला 75 टक्के सवलत आहे. पायरीच्या उंचीत नाही. एका न्यायालयात माझी प्रकरणे वरच्या मजल्यावर चालत. पुकारा होई तेव्हा मी जिन्याच्या निम्म्यावर असे, आणि माझा पक्षकार वरून ओरडून सांगे, ‘वकीलसाहेब येऊन राहिले!’

तरीही मी निराश नाही. नागपूर विद्यापीठातून कायदा शिकलेले राहुल बजाज दृष्टिहीन आहेत. रोड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले आणि आज अपंगांच्या हक्कांसाठी न्यायालयात उभे राहतात. दुसरे दृष्टिहीन वकील अमर जैन. बँकेची ओळख-पडताळणी आता मोबाइलवर होते आणि त्यात कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवावी लागते. जो पाहू शकत नाही किंवा ॲसिडहल्ल्याने ज्याच्या पापण्या राहिल्या नाहीत, त्याने काय करावे? ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि जैन यांच्या याचिकांवर 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की डिजिटल सेवा मिळणे हा 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. शासनाला वीस निर्देशही दिले. त्याच वर्षी 3 मार्चला न्यायालयाने स्पष्ट केले होते, की केवळ दृष्टी नाही म्हणून कोणाला न्यायाधीशपदाच्या परीक्षेपासून दूर ठेवता येणार नाही. घटनेच्या 15 व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. ते 41 व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वांत, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत येते. तेथून 21 व्या कलमापर्यंतचे अंतर अशा माणसांनी एकेक प्रकरण लढवून तोडले आहे.

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिण्याचे कारण आहे. माजी विद्यार्थी संघात सध्या प्रवेशद्वारावर कमान बांधावी अशी चर्चा आहे. कमानीला माझा विरोध नाही. परंतु प्रार्थना सभागृहाचे जोते अडीच फूट उंच आहे आणि त्याला पाच पायऱ्या आहेत. शाळेत असताना माझे मित्र मला उचलून वर नेत. त्यांचे ऋण मी विसरणार नाही. मात्र रोज वंदनेला कोणाच्या तरी खांद्यावरून जाणारा मुलगा ‘अत्त दीप भव’ म्हणताना काय विचार करीत असेल, हे त्यांनाही कधी विचारावेसे वाटले नाही. एटापल्ली-भामरागडच्या पाड्यांतून आजही अशी मुले-मुली प्रवेशासाठी येऊ शकतील, आणि पायऱ्या पाहून पालक परत फिरतील. मुलीच्या बाबतीत तर ते आधीच फिरतात.

रॅम्पचे गणित सोपे आहे. एक फूट उंचीला बारा फूट लांबी. अडीच फुटांना तीस फूट. पूर्वेच्या भिंतीलगत तेवढी जागा मी कुबडीने मोजून आलो आहे. दोन्ही बाजूंना कठडे, पृष्ठभाग खरबरीत, कारण पावसाळ्यात गुळगुळीत फरशीवर कुबडी टिकत नाही. वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावर एक संडास, दार बाहेर उघडणारे, रुंदी तीन फूट, आत हाताला धरायला लोखंडी नळी. आपल्या माजी विद्यार्थ्यांत गवंडी आहेत, अभियंते आहेत, सिमेंटचे दुकानदारही आहेत. स्मरणिका हाती पडल्यावर त्यांनी एका रविवारी शाळेत यावे. फीत मी घेऊन येतो.