पांढऱ्या पायाची कोण?
लग्नानंतर वर्षाच्या आत सासरे वारले, की सून ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. वर दाखलेही दिले जातात.

१९६० साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी २-४-६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम शोधायला सांगितला. पडताळण्यासाठी बहुतेकांनी ८-१०-१२ असे आपल्या तर्काला जुळणारेच आकडे सुचवले. नियम साधा होता: चढते आकडे. २९ जणांपैकी फक्त ६ जणांचे पहिले उत्तर बरोबर आले.

आपले दाखलेही असेच गोळा होतात. सून आली आणि सगळे धडधाकट राहिले, ती घरे कोण मोजतो? सून न येताच माणसे गेली, ती घरे? आणि जावयाचे पाय कोण पाहतो? मैत्रिणींनो, कुजबुज सुरू होताच हे प्रश्न मोठ्याने विचारूया.